अनुपान

“मॅडम, जेलात पण सकाळी चहा मिळतो,” खिडकीचे गज धरून सोपान वाघमोडे म्हणाला. “आम्ही तर अजून गुन्हापण केला न्हाई.”

“साडेअकरापर्यंत काही नाही. पाणी हवं तेवढं पी.”

“पाणी पिऊन पिऊन पोटात बेडूक झालेत, मॅडम.”

त्याच्या मागच्या खाटांवरचे चौघे हसले. मीही हसले असेन, पण माझा एक हात ॲप्रनच्या खिशात होता आणि खिशात अप्पांचं पत्र होतं. आदल्या दिवशी बार्शीहून आलेलं. वाचून झालं होतं, पाठही झालं होतं, तरी ते खिशात ठेवल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

ही एक्क्याऐंशी सालच्या एप्रिलची गोष्ट. औरंगाबादजवळ चिखलठाण्याला आमच्या औषधांच्या कारखान्याचं गेस्ट हाऊस होतं. दोन मोठ्या खोल्या, मधे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर, आणि भोवती पुरुषभर उंचीची भिंत. फाटक एकच. बुधवारी रात्री आठ वाजता कारखान्यातले दहा कामगार जेवून आत आले आणि वॉचमनने फाटकाला कुलूप लावलं. कोणी बाहेर जाऊन वडापाव खाऊन येऊ नये म्हणून. कुलूप मीच लावायला सांगितलं होतं. आतमध्ये मीही आहे हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहाटे डोळे उघडले, फाटकाकडे पाहिलं, तेव्हा आलं.

चाचणी माझ्या कॅप्सूलची होती.

आमचा कारखाना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या करायचा. पांढऱ्या, कोरड्या. या जीवनसत्त्वाची खोड अशी की ते पाण्यात विरघळत नाही. कोरडी गोळी उपाशी पोटी घेतली तर त्यातलं बरंचसं आलं तसं निघून जातं. मी वर्षभर खपून एक मऊ कॅप्सूल केली होती. आत तेल, तेलात जीवनसत्त्व, आणि सोयाबीनपासून काढलेलं थोडं लेसिथिन, म्हणजे पोटात गेल्यावर तेलाचे अगदी बारीक थेंब व्हावेत. साठ कॅप्सूल मी हाताने भरल्या होत्या, एकेक, सिरिंजने. उन्हात धरली की मधासारखी दिसायची.

पाच जणांना कॅप्सूल, पाच जणांना कोरडी गोळी. दोन्हींत औषध तेवढंच. मग दर दोन तासांनी रक्त काढायचं आणि कोणाच्या रक्तात किती उतरलं ते मोजायचं. सोमवारी मुंबईच्या मुख्य कचेरीतली माणसं येणार होती. कॅप्सूल जिंकली तर नवा विभाग, आणि मी कायम. हरली तर, आमच्या पाटणकरसाहेबांच्या शब्दांत, “गोळ्या मोजायला एम. फार्म. झालेली मुलगी कशाला हवी?”

अप्पांचं पत्र पाच ओळींचं होतं. ‘वर्षाची मुदत तू मागितलीस, मी दिली. पुढच्या रविवारी सोलापूरची मंडळी पाहायला येतात. कायम झाल्याचा कागद मिळाला तर तार कर, मी त्यांना नको म्हणून कळवेन. न मिळाल्यास सामान घेऊनच ये.’ अप्पा शब्दाचे पक्के होते. दोन्ही बाजूंनी.

*

गेस्ट हाऊसचं स्वयंपाकघर गयामावशीचं. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदलेलं. नवऱ्याने दुसरी बायको घरात आणली तेव्हा ही बदनापूरहून निघून आली होती. स्वयंपाकघराला लागून दहा बाय आठची खोली कंपनीने तिला दिली होती. खोलीच्या दाराला तिने स्वतःच्या हाताने निळा रंग दिला होता. “हे माझं माहेर,” म्हणायची. “हितून मला कुनी घालवलं तर सांगा, मी त्याच्या घरी जाऊन बसते.”

बुधवारी संध्याकाळी, कामगार यायच्या आधी, मी तिच्या ओट्याशी बसले होते. मला कोणाला तरी ते दाखवायचं होतं. वर्षभर मी ते कोणालाच दाखवू शकले नव्हते. साहेबांना आकडे हवे असत आणि मेसमधल्या मुलींना सिनेमा.

“मावशी, दोन पेले द्या. कोमट पाणी.”

एका पेल्यात मी कोरडी गोळी चुरून टाकली. भुकटी थोडी वर तरंगली, थोडी तळाशी बसली. ढवळलं तरी तेच. दुसऱ्यात कॅप्सूलला टाचणीने टोचून आतलं तेल सोडलं आणि चमचा फिरवला. पाणी पांढरं झालं.

“अगं माय!” मावशी वाकून बघायला लागली. “दूधच झालं की.”

“पोटातही असंच होतं. हे औषध तेलातुपाशिवाय कोणाच्या अंगी लागत नाही, मावशी. कोरडी गोळी दिली ना, की ती नुसती पोटात फिरून बाहेर पडते. बिचाऱ्याला कळतसुद्धा नाही.”

“वाया?”

“बरीचशी वाया.”

ती पेल्यातल्या तळाशी बसलेल्या भुकटीकडे बघत राहिली. “आमच्या गावात वैद्यबुवा होते,” ती म्हणाली. “पुडी देताना आधी अनुपान सांगायचे. ही मधात, ही तुपात, ही ताकात. म्हणायचे, गये, औषध एकट्यानं जात न्हाई, त्याला सोबत लागती.”

“तेच. अगदी तेच,” मी म्हणाले. किती आनंद झाला होता मला. “हे सगळं तुम्हाला कळलं, मावशी. आमच्या साहेबांना समजवायला मला तीन महिने लागले.”

“साहेबांनी चूल कुठं पेटवली?”

आम्ही दोघी हसलो. तिने मला साईच्या ताज्या तुपाची बेरी साखर घालून खायला दिली.

*

गुरुवारी सात वाजता गावातले एक डॉक्टर स्कूटरवरून आले, पहिलं रक्त काढून गेले. साडेसातला मी औषधं दिली. पूर्वेच्या खोलीतल्या पाच जणांना कॅप्सूल, पश्चिमेच्या खोलीत सोपान आणि त्याच्या चौघांना गोळी. गयामावशी ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन माझ्या मागे होती. मग मी व्हरांड्यातल्या टेबलावर गेले. तिथे रक्त फिरवायचं यंत्र मांडलं होतं. नळी त्यात फिरवली की लाल भाग खाली बसतो आणि वर स्वच्छ पिवळसर पाणी राहतं. उपाशी माणसाचं ते पाणी पातळ चहासारखं पारदर्शक असतं.

साडेनऊचं रक्त फिरवलं तेव्हा दोन-तीन नळ्या किंचित गढूळ वाटल्या. नीट धुतल्या नसतील असं मला वाटलं. उन्ह चढत होतं. भिंतीच्या आतली हवा हलत नव्हती. खोल्यांमधून पत्त्यांचा आवाज यायचा, कोणीतरी भजन म्हणायचा, कोणीतरी त्याला “गप रे, भूक लागती” म्हणायचा. फाटकापाशी वॉचमन स्टुलावर बसून किल्ली बोटावर फिरवत होता. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. काहीच काम नव्हतं तिकडे.

साडेअकराचं रक्त घेऊन डॉक्टर गेले. मी यंत्र बंद केलं, झाकण उघडलं आणि नळ्या एकेक करून लाकडी घोडीवर लावल्या. कॅप्सूलच्या पाच नळ्या स्वच्छ. गोळीच्या पाच नळ्या ताकासारख्या पांढुरक्या.

एका वेळी पाचही. चुकून होण्यासारखं ते नव्हतं. रक्त असं दिसतं ते माणसाने चांगलंच तूपतेल खाल्लं की.

मी पश्चिमेच्या खोलीच्या दारात गेले.

“कोणी काही खाल्लं का?”

पत्ते थांबले.

“न्हाई मॅडम,” सोपान म्हणाला.

“खरं सांगा. मी रागवणार नाही.”

“आईची आन. एक कण दाताखाली गेला न्हाई.” त्याने पत्त्यांकडे बघत म्हटलं. बाकीचे चौघे माझ्याकडे बघतच नव्हते. गुन्हा लपवणाऱ्या माणसासारखे ते दिसत नव्हते. कोणाला तरी पाठीशी घालणाऱ्या माणसासारखे दिसत होते.

मी स्वयंपाकघरात गेले. मावशी दुपारचा स्वयंपाक करत होती, दहा माणसांचा, आणि तिची पाठ माझ्याकडे होती. मोरीत पाच वाट्या पालथ्या घातल्या होत्या. मी एक उचलली. कडेचं पिवळट, ओशट काहीतरी बोटाला लागलं. नाकाशी नेलं.

काल मी जे खाल्लं होतं त्याचा तोच वास.

“मावशी,” मी म्हणाले, आणि तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कुलूप उघडल्याचा आवाज आला, फाटक करकरलं आणि पुन्हा बंद झालं. पाटणकरसाहेब आले होते.

*

साहेब वाईट नव्हते. हे मी आज म्हणते असं नाही, तेव्हाही म्हणत होते. उंच, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. ते टेबलाशी आले, नळ्यांकडे वाकले आणि चष्मा कपाळावर चढवला.

“हे काय आहे, मिस पेठकर?”

“गोळीच्या गटाचं, सर.”

“ते दिसतंय. पांढरं का?”

मी नळ्यांची घोडी उगाच सरळ केली.

“यांनी तूपतेल खाल्लंय. म्हणजे आजची चाचणी गेली.” ते खुर्चीवर बसले. “आता ऐका. मुंबईची माणसं सोमवारी येणार. चाचणी बिघडण्याला कारण असेल, स्पष्ट, लिहून देण्यासारखं, तर शनिवारी दुसरे दहा जण घेऊन पुन्हा करू. तुमच्याकडे कॅप्सूल आहेत ना?”

“आहेत.”

“कारण नसेल तर मला सांगावं लागेल की बाईंना दहा माणसं एक सकाळभर उपाशी ठेवता येत नाहीत. मग कॅप्सूल राहिली बाजूला.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. “आणि कारण तुम्ही स्वतः असाल, तर तेही आत्ताच सांगा. मी चांगल्या शब्दांत लिहीन.”

व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली होती. दहाही. उपाशी माणसं बघतात तशी ती बघत होती. फाटकाला कुलूप होतं, वॉचमन स्टुलावर होता. पत्र ॲप्रनच्या खिशात होतं आणि खिसा घामाने ओला झाला होता. मला आठवतं, मी त्या वेळी एकच हिशेब करत होते. पुढच्या रविवारला किती दिवस उरले. दहा.

“स्वयंपाकघरातून,” मी म्हणाले. “तूप दिलं गेलं.”

“कोणी?”

स्वयंपाकघरात एकच माणूस होतं. साहेबांनाही ठाऊक होतं. तरी त्यांना माझ्या तोंडून हवं होतं.

“गयाबाईंनी.”

मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. घाबरलेली नव्हती. जरा गोंधळली होती, एवढंच.

“दिलं, साहेब,” ती म्हणाली. “पाण्याच्या संगं दिलं, गरम करून. पाच जनांना. त्या पोरांना लई दिलं न्हाई, वाटी वाटी.”

“कोणाला विचारून?”

“त्यांच्या गोळ्या कोरड्या व्हत्या. ह्या दुसऱ्यांच्या गोळीत आधीच तेल हाय, त्यांना कशाला देऊ?” ती माझ्याकडे वळली. तिला वाटत होतं मी आता हसेन. “ताई, तुमीच तर काल सांगितलं. तेलातुपाबिगर अंगी लागत न्हाई म्हनून. मी म्हन्लं, पोरांचं रक्त काढून ऱ्हायलेत अन् वरून औषध पन वाया.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही सांगितलं होतं?”

सोपान दारातून एक पाऊल पुढे आला होता. काहीतरी बोलणार होता. कोणीतरी त्याचा दंड धरला.

“मी असं काही सांगितलं नव्हतं,” मी म्हणाले.

मावशीने वाद घातला नाही. माझ्याकडे ती अशी बघत राहिली जसं एखाद्या ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यात काहीतरी बसत नाहीये आणि काय ते कळत नाहीये.

“बरं,” साहेब उठले. “हे लिहून द्या, मिस पेठकर. आचारीणबाईंनी सूचना मोडली. आणि शनिवारी हे स्वयंपाकघर बंद असलं पाहिजे. बाई, तुमची व्यवस्था दुसरीकडे बघा. उद्या संध्याकाळपर्यंत.”

“आन् आजचं जेवान?” मावशीने विचारलं. “शिजलंय.”

“जेवू द्या त्यांना. आता काय उपयोग.”

मी टेबलावरच बसून चार ओळी लिहिल्या आणि सही केली. वॉचमनने फाटक उघडलं. कामगार जेवून बाहेर पडले, एकेक, माझ्या टेबलासमोरून. सकाळपासून चहा मागणारा सोपान माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मला वाढलेलं ताट झाकून ठेवलं होतं, ते मी उघडलं नाही.

*

शनिवारी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीच्या जुन्या अहवालात छापलेलं आहे. दुसरे दहा जण, कुलूप, स्वयंपाकघर बंद, चहा बाहेरून साडेअकरानंतर. कॅप्सूलच्या गटात गोळीच्या गटाच्या सव्वातीनपट जीवनसत्त्व रक्तात उतरलं. सोमवारी मुंबईची माणसं खूश झाली. मंगळवारी मी अप्पांना तार केली आणि त्यांनी शब्द पाळला. मी त्या कारखान्यात एकतीस वर्षं काम केलं. लग्न केलं नाही, करावंसं वाटलं नाही, आणि कोणी करायला लावलंही नाही. निवृत्त झाले तेव्हा मला ती पहिली कॅप्सूल काचेच्या पेटीत घालून दिली. ती कपाटावर आहे. आतलं तेल केव्हाच तांबडं झालं.

शुक्रवारचं मात्र कोणाला ठाऊक नाही.

गुरुवारच्या नळ्या फेकून द्या, असं साहेबांनी सांगितलं होतं. मी त्या बर्फात ठेवल्या. शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेत कोणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते, आणि मी त्या मोजायला घेतल्या. का घेतल्या ते मला सांगता येणार नाही. केमिस्टला नळी फेकवत नाही, एवढंच.

त्या काळी मोजायची रीत अशी होती: जीवनसत्त्व वेगळं काढून त्यावर ॲंटिमनीचं द्रावण ओतायचं. ओतल्याबरोबर निळा रंग उठतो. जितकं जीवनसत्त्व जास्त, तितका निळा गडद. पण तो रंग टिकत नाही. पाच-दहा सेकंदांत आकडा वाचून घ्यावा लागतो, मग तो हळूहळू विरतो.

कॅप्सूलच्या पाच नळ्या छान निळ्या झाल्या. मोराच्या मानेसारख्या. मी आकडे वाचले. मग गोळीच्या घेतल्या.

पहिली निळी झाली. दुसरी. तिसरी. मी रंग मोजायचं यंत्र पुन्हा तपासलं. कोरडी गोळी, उपाशी पोट, आणि वाटीभर साईचं तूप. माझ्या कॅप्सूलच्या बरोबरीने. चौथीत तर केसभर जास्तच. माझं वर्ष, माझ्या साठ कॅप्सूल, लेसिथिन, आणि मोरीत पालथ्या पाच वाट्या.

पाचवी नळी सोपानची होती. मी द्रावण ओतलं, निळा उठला, सगळ्यांत गडद, आणि मागून खिडकीच्या गजांवर कोणी टकटक केलं.

गयामावशी होती. डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत वळकटी. भर उन्हात कारखान्याला वळसा घालून ती मागच्या बाजूला आली होती.

“ताई, किल्ली द्यायची ऱ्हायली. स्वयंपाकघराची.”

“कुठे चाललात?”

“बदनापूरला. भाचीकडं, सध्या.” तिने किल्ली खिडकीत ठेवली. गेली नाही. पेटी डोक्यावर सावरत म्हणाली, “एक इचारू? रागवू नका.”

“विचारा.”

“त्या पोरांच्या अंगी लागलं का औषध?”

तिच्या आवाजात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तो नव्हता. तिला खरंच ते हवं होतं.

मी मागे वळून पाहिलं. वही टेबलावर उघडी होती, पेन्सिल तिच्यावर आडवी. गोळीच्या गटाचे आकडे मी अजून लिहिले नव्हते. सोपानच्या नळीतला निळा उतरत चालला होता. मी बघत उभी राहिले आणि तो पूर्ण गेला. मागे मळकट पाण्यासारखं काहीतरी उरलं.

“नाही,” मी म्हणाले.

“न्हाई?”

“नाही, मावशी.”

“मग माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, सोबत दिली तर लागंल.” तिने वळकटी दुसऱ्या काखेत घेतली. “फडताळात बरनीत तूप हाय अजून पावशेर. उद्याची पोरं उपाशी ऱ्हातील. सगळं झाल्यावर त्यांना भातावर वाढा.”

ती निघाली. कारखान्याच्या भिंतीची सावली दुपारची अगदी हातभर होती, त्या सावलीतून ती भिंतीला धरून चालत गेली, आणि कोपऱ्यावरून वळली.

मी खिडकीतली किल्ली उचलली. उन्हाने तापली होती. ती ॲप्रनच्या खिशात, पत्रावर टाकली, वही मिटली आणि नळ्या धुवायला घेतल्या.